आगाऊ साक्ष

धाकटी गेल्यावर थोरलीनं चर्चला यायचं सोडलं असतं, तर लोकांना निदान काय करायचं ते कळलं असतं. चार बायका घरी गेल्या असत्या, डोळे पुसले असते, पाळकांनी समजूत घातली असती, आणि सगळं रीतीप्रमाणे पार पडलं असतं. पण थोरली येत होती. दर रविवारी यायची, नेहमीच्या बाकावर बसायची, गीताच्या वेळी सगळ्यांबरोबर उभी राहायची आणि तोंडातून अवाक्षर काढायची नाही. जिच्या प्रार्थनेनं खिडक्यांच्या काचा थरथरतात अशी थट्टा खुद्द पाळक करायचे, ती बाई आता ओठसुद्धा हलवत नव्हती. गप्प बसलेल्या माणसाची समजूत घालायची तरी कशी? मग लोक तिच्याशी हवापाण्याचं बोलायचे आणि उपासना संपली की काढता पाय घ्यायचे.

या दोघी बहिणी, एकमेकींना धरून राहिलेल्या. लग्नाचं कुणी विचारलं तर थोरली म्हणायची, ‘योग नव्हता.’ धाकटी म्हणायची, ‘मापात बसणारा कुणी आलाच नाही, आणि माणसाला अल्टर कुठं करता येतं?’ दोघींचं शिवणकामाचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे राहायची खोली, मध्ये पडदा. थोरली मापं घ्यायची, कापड बेतायची, मशीन चालवायची. हातकाम सगळं धाकटीचं: काजं, हुक, तुरपाई, अस्तर टाचणं. त्यांच्याकडून गेलेल्या कपड्याचं काज कधी उसवलं नाही. काम धाकटीचं असायचं, बढाई थोरली मारायची, आणि धाकटी खाली मान घालून हसायची.

चर्चच्या मंडळीतही तसंच. धाकटी मागच्या बाकावर बसून दुसऱ्यांची पोरं सांभाळायची. थोरली पुढे. कुणी आजारी पडलं, कुणाची नोकरी गेली, कुणाचा मुलगा वाईट नादाला लागला, की आधी थोरलीला निरोप. ती यायची, डोक्यावर पदर-रुमाल जे असेल ते ओढून गुडघे टेकायची आणि सुरू व्हायची. गिऱ्हाइकं तिच्याशी बोलायची तशी ती देवाशी बोलायची: काय हवंय, कसं हवंय आणि कधीपर्यंत हवंय. गंमत अशी की पुष्कळदा ते मिळायचंही. निदान लोक तसं सांगायचे.

मग धाकटीच्या पोटात दुखायला लागलं. आधी वाटलं खाण्यातलं काही असेल. तपासण्या झाल्या, आणखी तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून सगळं नीट सांगितलं. धाकटीनं शेवटपर्यंत ऐकलं. थोरलीनं निम्मं ऐकलं आणि उठली. ‘तुम्ही तुमचं काम करा, डॉक्टर,’ ती म्हणाली, ‘आम्ही आमचं करतो.’

तिचं काम म्हणजे बुधवार. बुधवारी दुपारी चर्चच्या मागच्या लहान हॉलमध्ये प्रार्थनेची बैठक भरायची. बैठकीच्या शेवटी साक्ष द्यायची रीत होती. देवानं ज्याच्यासाठी काही केलं असेल त्यानं उभं राहायचं, काय मागितलं आणि काय मिळालं ते सांगायचं, आणि त्यानं खाली बसायच्या आत सगळ्यांनी मिळून म्हणायचं, ‘प्रभूची स्तुती असो.’ चांगली रीत आहे. माणसं एरवी मिळालेलं विसरतात. पण या रीतीत आणखी एक रीत होती आणि ती या मंडळींना भारी आवडायची: मिळायच्या आधीच साक्ष द्यायची. मिळणारच अशी खात्री असेल तर आभार उधार कशाला ठेवायचे? ज्याचा विश्वास मोठा, तो आगाऊ साक्ष देणार.

एका बुधवारी प्रार्थना करताना थोरलीच्या छातीत एकदम ऊब पसरली. मनातला सगळा कालवा शांत झाला. तिला वाटलं, उत्तर आलं. ती ताडकन उभी राहिली आणि म्हणाली, ‘माझी धाकटी बहीण बरी होणार. देवानं मला आत्ता वचन दिलंय. ती उठणार आणि याच बाकावर येऊन बसणार. मी आजच त्याचे आभार मानते.’ हॉल दुमदुमला. ‘प्रभूची स्तुती असो!’ कुणी रडलं, कुणी तिच्या गळ्यात पडलं. पाळकांनी चष्मा काढून पुसला. ते तेवढे काही बोलले नाहीत, पण त्या गडबडीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

खोटं बोलली असं कुणी म्हणू नये. त्या क्षणी तिचा तसा विश्वास होता, आणि पुढे तो टिकवणं हेच तिनं काम मानलं. शब्द दिला गेला होता, सगळ्यांदेखत. आता घरात त्या शब्दाला तडा जाईल असं काही बोललं जाऊ नये, याचा तिनं पहाराच बसवला.

‘ताई,’ धाकटी एकदा म्हणाली, ‘समजा, मी नाही राहिले तर—’

‘समजा-बिमजा काही नाही.’

‘अगं, ऐकून तर घे.’

‘असलं अभद्र बोललीस की विश्वासाला खिंडार पडतं. तू फक्त म्हण, मी बरी होतेय. म्हण.’

‘मी बरी होतेय,’ धाकटी म्हणाली आणि भिंतीकडे कूस बदलली.

औषधांनी केस गळायला लागले. उशीवर झुपके पडायचे. धाकटी म्हणाली, एकदाचे काढून टाकू या. थोरलीनं साफ नकार दिला. केस काढायचे म्हणजे आजाराला मान तुकवायची. मग एका बुधवारी थोरली बैठकीहून परतली तर धाकटीच्या डोक्याला रुमाल बांधलेला. ‘दुपारी उरलेसुरले सगळे गेले, ताई,’ ती म्हणाली. थोरलीनं मान हलवली आणि रुमालाच्या कडेला छान किनार लावून दिली.

आणि ड्रेस शिवायला घेतला. बरी झाल्यावर धाकटी पहिल्यांदा चर्चला जाईल तेव्हा घालायला. निळं कापड आणलं, चांगलं अंगाबरोबर पडणारं. मापं मुद्दाम जुनीच घेतली, आजाराआधीची. समोर गळ्यापासून खालपर्यंत बटणं. धाकटी म्हणाली, काजं मी करणार. खाटेवर बसता येईल तेवढं बसून, नाही तर पडल्या पडल्या, बोटात अंगुस्तान घालून ती एकेक काज करत राहिली. सुई टोचू नये म्हणून बोटावर चढवतात ते धातूचं टोपण तिच्या बोटात इतकं ढिलं झालं होतं की आत चिंधी भरावी लागली.

ती गेली सकाळी. थोरली खाटेशी गुडघे टेकून प्रार्थना करत होती. मोठ्यानं, अगदी गर्जून, वचनाची आठवण करून देत. इतक्या मोठ्यानं की धाकटीचा श्वास थांबला तो तिला ऐकूच आला नाही. डोळे उघडले तेव्हा सगळं आटोपलं होतं. निळा ड्रेस तिला पुरताना घातला. जुन्या मापाचा होता, मागून टाके घालून आवळावा लागला. ते टाके थोरलीनंच घातले.

तेव्हापासून तिचं हे असं झालं होतं. सकाळी दुकान उघडायचं, लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, संध्याकाळी दुकान बंद करायचं. काजं ती आता बाहेरून मशीनवर करून आणत असे, आणि जुनी गिऱ्हाइकं बोटानं चाचपून काही न बोलता कपडा पिशवीत टाकायची. रात्री झोप लागायची, भूक लागायची, याचीच तिला लाज वाटायची. प्रार्थना मात्र येईना. डोळे मिटले की आत काही नसायचं. राग असता तरी चाललं असतं. रागावायला समोर कुणीतरी लागतं.

पाळक एकदा दुकानात आले. कोटाचं बटण लावायचं निमित्त होतं, पण बटण चांगलं घट्ट होतं हे तिच्या नजरेतून कसं सुटणार?

‘बाई,’ ते म्हणाले, ‘बुधवारी येत चला. प्रार्थना करू नका, नुसत्या बसा.’

‘कुठल्या तोंडानं येऊ?’ थोरली म्हणाली. ‘त्या हॉलमध्ये मी उभं राहून सांगितलंय. देवाच्या नावानं सांगितलंय.’

‘माणसाची चूक होते.’

‘चुकीचं नाही हो. मी त्याला एवढ्या हाका मारल्या. त्यानं बरं नसेल करायचं तर नसेल करायचं, तो मालक आहे. पण मला कळायला हवं होतं ना, की तो आहे. मी त्या खोलीत होते, पाळकसाहेब. मी तुम्हाला सांगते, देव त्या खोलीत नव्हता.’

पाळकांकडे अशा वेळी सांगायच्या पुष्कळ गोष्टी असतात. यांनी त्यातली एकही सांगितली नाही, हे त्यांचे उपकारच. ते थोडा वेळ बसले, घट्ट असलेलं बटण पुन्हा लावून घेतलं आणि गेले.

शेवटी थोरलीनं ठरवलं, खोली मोडायची. म्हणजे खाट काढायची, कपाट हलवायचं आणि तिथं गिऱ्हाइकांना कपडे घालून बघायची सोय करायची. स्वतः ती दुकानातच बाकड्यावर झोपणार होती. त्या खोलीत श्वास घ्यायचा आणि तिथं कुणी नव्हतं हे रोज नव्यानं समजून घ्यायचं, हे तिला झेपेना. एका दुपारी दुकानाचं दार लावून तिनं गादी गुंडाळली, खाटेचे पाय धरले आणि खाट भिंतीपासून ओढली.

भिंतीवर खळगे होते.

निजलेल्या माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर गिलाव्यात लहान लहान, गोल, खोलगट खळगे. एक-दोन नव्हेत, अख्खा पुंजका. चुना उडून खालची वाळू दिसत होती. आधी तिला वाटलं ओल आली असेल. मग तिनं एका खळग्यात बोट घातलं. बोट बसलं नाही, बोटाचं टोक तेवढं बसलं. उठून तिनं खिडकीतला शिवणाचा डबा उघडला, धाकटीचं अंगुस्तान काढलं आणि खळग्यात धरलं. बरोब्बर बसलं.

धाकटी भिंत ठोकत होती. कितीतरी वेळा ठोकत होती.

थोरली जमिनीवर बसली. तिला एकच सुचलं, आणि ते सुचू नये असंच होतं: मी बैठकीला जायचे तेव्हा हिला दुखत असणार, किंवा भीती वाटत असणार, आणि ही मला बोलवायला भिंत ठोकत असणार. घरात कुणी नाही हे ठाऊक असूनही ठोकत असणार. आणि मी तिकडे हॉलमध्ये घसा फोडत होते. देव तर नव्हताच, मीही नव्हते. आजवर ती देवाच्या नावानं बोटं मोडत होती, आता तीच बोटं आपल्याकडे वळली.

बऱ्याच वेळानं तिच्या डोक्यात आलं की या भिंतीला दुसरी बाजूही आहे.

पलीकडे सलून होतं. सलूनवाल्याला अख्खी गल्ली ‘रेडिओ’ म्हणायची, कारण तो एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण नव्हतं. म्हातारा, बायको जाऊन वर्षं लोटलेली, देवाधर्माशी काही देणंघेणं नाही आणि ते चारचौघांत सांगायची हौस. थोरलीचं त्याच्याशी कधी जमलं नाही. तो म्हणायचा, ‘थोरल्या बाई, तुमचा देव आणि माझं टक्कल, दोन्हीवर माझा काही उपाय नाही.’ ती तोंड फिरवायची. मागे काही महिने गल्लीत त्याच्या नावानं ओरडही झाली होती: गिऱ्हाइकाची अर्धी दाढी करतो, वस्तरा ठेवतो आणि गायब होतो. लोक साबण लावलेल्या गालानं ताटकळत बसायचे. म्हातारपण, दुसरं काय, असं सगळ्यांनी धरलं होतं.

ती सलूनमध्ये गेली तेव्हा तो एकाच्या मानेवरचे केस साफ करत कुठल्यातरी जुन्या निवडणुकीचं सांगत होता. तिच्या चेहऱ्याकडे बघून मध्येच थांबला. रेडिओ थांबला म्हणून खुर्चीतल्या माणसानंच वळून पाहिलं. त्यानं त्या माणसाची मान झटकली, पैसे नंतर द्या म्हणाला आणि त्याला जवळजवळ बाहेर ढकललं.

‘तुम्हाला भिंतीतून ठोकल्याचा आवाज यायचा का?’ थोरलीनं विचारलं.

तो टॉवेल घडी करत राहिला. घातलेली घडी उलगडून पुन्हा घातली.

‘सांगू नका म्हणाल्या होत्या धाकट्या बाई,’ तो म्हणाला.

‘ती आता नाही. सांगा.’

‘यायचा.’

‘मग?’

‘मग काय, जायचो.’

थोरली गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. समोर आरसा होता, त्यात बघावं लागू नये म्हणून तिनं मान खाली घातली.

‘पहिल्यांदा वाटलं, खिळा मारताहेत,’ तो म्हणाला. ‘मग पुन्हा आवाज आला. हळू. मागच्या गल्लीतून गेलो, दार नुसतं लोटलेलं होतं. म्हणाल्या, वस्तरा घेऊन या आणि माझं डोकं करून द्या, ताई यायच्या आत. मी केलं. केस गोळा करून घेऊन गेलो. तुम्हाला म्हणे वाईट वाटलं असतं.’

‘आणि नंतर?’

‘नंतर अशाच. बुधवारी बहुतेक. तुम्ही गेलात की थोड्या वेळानं ठोकायच्या. मी हातातलं टाकून जायचो. इथं लोक शिव्या घालायचे. घालू देत.’

‘काय करायचात तिथं?’

‘काही नाही. बसायचो. मला वाटलं, काहीतरी बोलून जीव रमवावा. तर म्हणाल्या, रेडिओ, आज तुम्ही ऐका, मी बोलते. मग मी ऐकायचो.’ तो ओशाळं हसला. ‘आयुष्यात पहिल्यांदा.’

‘काय बोलायची?’

त्यानं वस्तरा पुसायला घेतला. थोरलीनं मान वर केली. ‘तिला भीती वाटत होती का?’

‘हो,’ सलूनवाला म्हणाला. ‘फार. सुरुवातीला तर फारच. थरथरायच्या. मी हात धरून ठेवायचो. तुम्हाला राग येणार असेल तर येऊ दे, पण धरायचो.’

‘मला का नाही सांगितलं तिनं?’ हे विचारताना उत्तर तिला ठाऊक होतं, तरी विचारल्यावाचून राहवलं नाही.

‘म्हणायच्या, ताईनं सगळ्यांसमोर शब्द दिलाय. मी घाबरले असं कळलं तर तिला वाटेल, माझ्यामुळे सगळं फिसकटलं. तिचं मन मोडायचं नाहीय मला.’ त्यानं टॉवेल खुंटीला अडकवला. ‘तुमची फार काळजी करायच्या. तो निळा ड्रेस शिवत होतात ना? एकदा काजं करता करता म्हणाल्या, ताई माझे शेवटचे कपडे शिवतेय आणि तिला ते माहीत नाही. म्हणून काजं नीट करतेय, म्हणाल्या. नंतर तिला बघताना लाज वाटायला नको.’

थोरलीच्या तोंडून एक आवाज निघाला. रडणं नव्हे, बोटात सुई शिरल्यावर निघतो तसा. सलूनवाल्यानं पाण्याचा ग्लास पुढं केला, तिनं तो घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला.

‘देवाबद्दल काही बोलायची?’ तिनं शेवटी विचारलं. ‘तो सोडून गेला असं?’

‘मीच एकदा छेडलं. मला खोड आहे ना. म्हटलं, एवढं सगळं झालं, कुठं आहे तुमचा देव? मला वाटलं, तुमच्यासारख्या चिडतील. तर म्हणाल्या, मलाही तो हल्ली दिसत नाही हो. पण मी ठोकलं की तुम्ही येता.’ सलूनवाल्यानं नाक ओढलं. ‘मी म्हटलं, बाई, मला त्यात ओढू नका, मी आपला न्हावी माणूस. हसल्या. म्हणाल्या, तुम्हाला कोण विचारतंय? तुम्ही बसा. मग शेवटी शेवटी भीती गेली होती त्यांची. कशी गेली ते मला माहीत नाही. मी तर काहीच केलं नाही. पण गेली होती. खोटं कशाला सांगू?’

थोरली घरी आली आणि त्या उघड्या भिंतीसमोर जमिनीवर बसली. तिला सलूनवाल्याचा भयंकर हेवा वाटला. त्या हेव्यात मग तिला एक गोष्ट आठवली. दर बुधवारी बाहेर पडताना, एक हात पिशवीत आणि एक दाराला, ती पडद्याआड बघून घाईघाईत पुटपुटायची, ‘प्रभू, मी येईपर्यंत हिच्याजवळ बस.’ ती काही प्रार्थना नव्हती. घराबाहेर पडताना गॅस बंद केला का बघावं तसलं ते बोलणं. खरी प्रार्थना पुढे हॉलमध्ये व्हायची: गुडघे टेकून, घसा फोडून, वचनं काढून. तिथं जे जे मागितलं त्यातलं काही मिळालं नाही. हे जाता जाता मागितलेलं तेवढं मिळालं होतं, दर बुधवारी, ती कोपऱ्यावर वळते न वळते तोच. मागच्या दारानं कुणीतरी आत येत होतं आणि धाकटीजवळ बसत होतं.

याचं सुख वाटायला हवं, असं तुम्ही म्हणाल. तिला सुख वाटलं नाही. इतके दिवस ती एका रिकाम्या खोलीसाठी रडत होती, आणि खोली रिकामी नव्हती. धाकटी एकटी नव्हती. एकटं कुणी राहिलं असेल तर ती थोरली, आणि तीही आपल्याच आवाजात कोंडून घेतल्यामुळे. खाटेशी गुडघे टेकून बसली तेव्हासुद्धा. देवाला कान असतील तर त्या शेवटच्या सकाळी त्यानं बिचाऱ्या धाकटीचा श्वास ऐकला असणार. तिनं ऐकला नव्हता.

बुधवारी तिनं दुकान बंद केलं आणि हॉलकडे गेली. तिला दारात बघून बोलणी थांबली. कुणी सरकून जागा करून दिली. बैठक नेहमीसारखी झाली, गीत झालं, प्रार्थना झाल्या, आणि साक्षीची वेळ आल्यावर थोरली उठून उभी राहिली. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मागच्या वेळी ती इथं उभी राहिली होती तेव्हा काय झालं होतं ते विसरलेलं कुणीच नव्हतं. पाळक अर्धवट उठले, वेळ आली तर तिला सावरायला, आणि तसेच वाकून राहिले.

‘मी इथं सांगितलं होतं की देवानं मला वचन दिलं,’ थोरली म्हणाली. आवाज इतका हळू होता की मागच्या लोकांना पुढं वाकावं लागलं. ‘ते त्यानं दिलं नव्हतं. मला हवं होतं ते मी ऐकलं. मग मी माझ्या बहिणीला घाबरू दिलं नाही. ती मरत होती आणि तिला मी ते बोलू दिलं नाही. तिला कुणाशीतरी बोलायचं होतं, म्हणून तिनं भिंत ठोकली.’ सलूनवाल्याचं सांगावं असं तिच्या मनात होतं, पण सांगायला गेली आणि भलतंच तोंडातून आलं, आणि ते आल्यावर तिला कळलं की हेच सांगायला ती आली होती.

‘मी पाळकसाहेबांना म्हटलं होतं, देव त्या खोलीत नव्हता. तो होता. मी नव्हते.’

एवढं बोलून ती उभीच राहिली. साक्ष संपली होती, आणि आता लोकांनी म्हणायचं होतं. पण कोण म्हणणार? असल्या गोष्टीवर स्तुती करायची म्हणजे बाईच्या जखमेवर मीठ चोळायचं. कुणी रुमाल चाचपला, कुणी चपलेकडे बघितलं. पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला. थोरली वाट बघत होती. तिचे हात बाकाच्या पाठीवर घट्ट होते आणि गालावरून पाणी वाहत होतं, ते ती पुसत नव्हती.

‘म्हणा ना,’ ती म्हणाली. ‘हीच साक्ष आहे. माझ्याकडे दुसरी नाही.’

पाळकांनी सुरुवात केली आणि पहिल्याच शब्दावर ते अडखळले. कुणीतरी पुढचं उचललं, मग आणखी कुणी, एक इकडून, एक तिकडून, कुणाचा मेळ कुणाला नाही. प्रभूची स्तुती असो. ती खाली बसेपर्यंत ते चाललं होतं.